डेब्रेत्सेनच्या थिऑलॉजी आणि शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठात दोन सत्रं: कुणी जावं, कुणी थांबावं

सप्टेंबर ते जून अशी दोन सत्रं मी हंगेरीतल्या डेब्रेत्सेनच्या रिफॉर्म्ड थिऑलॉजिकल युनिव्हर्सिटीत पाहुणी विद्यार्थिनी म्हणून काढली. रिफॉर्म्ड म्हणजे काल्विनच्या परंपरेतला प्रोटेस्टंट पंथ, आणि थिऑलॉजी म्हणजे धर्मशास्त्र. परत आल्यापासून तिघांचे फोन आले. दोघं सेमिनरीतले, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) व्हायला शिकणारे, एक प्राथमिक शिक्षिका. तिघांचा प्रश्न एकच, "ताई, जाऊ का तिथे?" प्रत्येकाशी तासभर बोलले, तरी दर वेळी काहीतरी सांगायचं राहिलंच. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी सहा वर्षं चौथीचा वर्ग घेतला आहे आणि माझे वडील पाळक. घरात रविवारचा संदेश आणि सोमवारचा फळा या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर तयार व्हायच्या. त्यामुळे पाळक आणि प्राथमिक शिक्षक दोघांनाही घडवणारं एक छोटं विद्यापीठ आहे असं कळलं, तेव्हा मी दुसरा पर्याय शोधलाच नाही. इथलं मूळ कॉलेज १५३८ सालचं. शिक्षक-प्रशिक्षणाची संस्था कोल्चेई फेरेन्त्स यांच्या नावाची होती, ती २०११ मध्ये या विद्यापीठात सामील झाली. कोल्चेई म्हणजे हंगेरीचं राष्ट्रगीत लिहिणारे कवी आणि याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. पाळकाचा अभ्यासक्रम बारा सत्रांचा, प्राथमिक शिक्षकाचा आठ सत्रांचा. माझ्यासारख्या पाहुण्यांना दोन्हीकडचे विषय निवडून घेता येतात. मी थिऑलॉजीचे चार आणि शिक्षणशास्त्राचे पाच घेतले.

आता मुख्य गोष्ट. हे विद्यापीठ लहान आहे. त्याच शहरात हजारो परदेशी विद्यार्थ्यांचं मोठं सरकारी विद्यापीठ आहे, तिथे डॉक्टर व्हायला आलेली भारतीय मुलंही खूप आहेत. इथे मात्र विद्यार्थी काही शेच. हे लहानपण सोसायची तयारी असेल तर यासारखी जागा नाही, आणि नसेल तर दोन महिन्यांत जीव गुदमरेल. माझं सगळं मत या एकाच गोष्टीभोवती फिरतं.

तिसऱ्याच दिवशी दारावरच्या बाईंनी मला थांबवलं. तिकडे दारावर बसणाऱ्या बाईंना पोर्ताश नेनी म्हणतात. नेनी म्हणजे मावशी, आणि ती नावाच्या मागे लागते, अगदी आपल्या सुमनमावशी, कुसुममावशीसारखी. किल्लीच्या वहीत माझं नाव कसं लिहायचं ते त्यांना कळेना. त्यांनी मला ते तीनदा म्हणायला लावलं, आपल्या स्पेलिंगमध्ये लिहून घेतलं आणि स्वतः दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून जूनपर्यंत रोज सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली. नोव्हेंबरात मला ताप आला आणि मी दोन दिवस गेले नाही, तर तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं की बायबलमधला नवा करार शिकवणाऱ्या सरांनी माझी चौकशी केली होती. वर्गात आम्ही नऊ जण. नवांतला एक आला नाही तर त्याची रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसते. वाचून गेला नाहीत तर तेही सगळ्यांना दिसतं. मागच्या बाकावर बसून वर्ष काढायची सोय इथे नाही.

परीक्षेत तर हे सगळ्यात जास्त जाणवतं. हंगेरीत बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. आधी विषयांची यादी मिळते, एकेका विषयाला तेतेल म्हणतात. माझ्या यादीत वीस तेतेल होते. परीक्षेच्या दिवशी टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या ठेवलेल्या असतात. एक उचलायची, पंधरा-वीस मिनिटं कोपऱ्यात बसून मुद्दे काढायचे आणि मग प्राध्यापकांच्या समोर जाऊन बसायचं. जानेवारीतली सकाळ होती, खिडकीच्या काचेला आतून वाफ धरली होती. मी चिठ्ठी उलटी केली. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, पहिला प्रश्न. रिफॉर्म्ड श्रद्धा शिकवणारी ही प्रश्नोत्तरी १५६३ ची, एकूण १२९ प्रश्न, ५२ रविवारांत वाटलेले. पहिला प्रश्न असा की जगताना आणि मरताना तुझं एकच सांत्वन कोणतं? उत्तराचा गाभा इतकाच की मी माझी नाही, मी माझ्या तारणाऱ्याची आहे.

मी पाठ केलेलं सगळं इंग्रजीत सांगितलं. सर गप्प ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही चौथीला शिकवता ना? हेच चौथीतल्या मुलाला कसं सांगाल?" मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिची आई गेली, त्यानंतर महिनाभर ती मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन नुसती उभी राहायची. मी म्हणाले, मी तिला सांगेन की तू हरवलेली नाहीस, तू कुणाची तरी आहेस, आणि जो तुला आपली म्हणतो तो कुठे निघून जात नाही. सरांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "उत्तर चांगलं आहे. पण दुसरा प्रश्न राहिला." आणि मग दहा मिनिटं त्यांनी मला समजावलं की दुसऱ्या प्रश्नातच सगळ्या प्रश्नोत्तरीचा आराखडा आहे: आपली दुर्दशा, सुटका आणि कृतज्ञता. हे तीन सांगितल्याशिवाय ते सांत्वन लोंबकळत राहतं, त्याला पाया मिळत नाही. पाचपैकी चार मिळाले. तिकडे पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे नापास. त्या चारइतका कुठलाही निकाल मला आजवर जवळचा वाटलेला नाही, कारण पाचवा गुण कुठे गेला ते मला शब्द न् शब्द माहीत आहे.

शिक्षक-प्रशिक्षणाकडे येते, कारण याबद्दल कमी लोकांना माहिती असते. थिऑलॉजीसाठी जाणारे पुष्कळ, पण प्राथमिक शिक्षकांनी तिथून शिकण्यासारखं काय आहे ते कुणी सांगत नाही.

वेळापत्रकात एक तास असतो, हॉस्पितालाश. नावाचा दवाखान्याशी काही संबंध नाही. सरावशाळेत जाऊन मागच्या बाजूला बसायचं आणि अनुभवी शिक्षिकेचा तास बघायचा, एवढंच. वहीचे तीन रकाने: शिक्षिका काय करते, मुलं काय करतात, मला काय वाटलं. पहिल्या महिन्यात तिसरा रकाना रिकामा ठेवायला सांगितला होता. आधी नीट बघा, मतं नंतर. पुढे आपली पाळी येते. पाठाचं टाचण दोन दिवस आधी द्यायचं, आणि तासानंतर सगळे गोल बसले की पहिलं बोलायचं ते जिनं तास घेतला तिनं. सहा वर्षं शिकवून गेले होते, तरी स्वतःच्या तासाबद्दल इतकं खरं मी तोपर्यंत कधी बोलले नव्हते. मुलं तिकडे बाईंना तॉनीतो नेनी म्हणतात, शब्दशः "शिकवणारी मावशी". मला भाषा धड येत नव्हती, तरी चौथ्या आठवड्यात एका दुसरीतल्या मुलानं मला तीच हाक मारली आणि बुटाची नाडी बांधायला पाय पुढे केला.

संगीताचा तास मात्र सविस्तर सांगायलाच हवा. हंगेरीत प्राथमिक शिक्षिकेला गाता आलंच पाहिजे अशी अपेक्षा असते. हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय यांची संगीत शिकवण्याची पद्धत तिकडे शाळेत मुरलेली आहे. तास सुरू झाला की शिक्षिका एक सूर गुणगुणते आणि मग बोलतच नाही. फक्त हात. कमरेशी मिटलेली मूठ म्हणजे दो, पहिला सूर. पंजा तिरका वर उचलला की रे. छातीशी आडवा, सपाट तळवा म्हणजे 'मी' हा सूर. तळवा स्वतःकडे वळवला की सो. मनगटातून हात खाली लोंबता सोडला की ला. बावीस मुलं त्या हाताकडे बघून गातात. मग ती दोन हात दोन वेगळ्या उंचीवर धरते आणि अर्धा वर्ग एक सूर, अर्धा वर्ग दुसरा सूर लावतो. सात वर्षांची मुलं!

हा दो एका पट्टीला बांधलेला नसतो, जिथून सुरू कराल तिथे दो. आपला सा तसाच की. हे लक्षात आलं आणि मी तासानंतर त्या शिक्षिकेला सा रे ग म म्हणून दाखवलं. तिनं लगेच हाताच्या खुणा जोडल्या. पुढच्या आठवड्यात तिनं मला वर्गासमोर उभं केलं आणि मुलांनी कोदायच्या खुणांवर सा रे ग प ध म्हटलं. मी परत आल्यावर माझ्या वर्गात हे सुरू केलं आहे. केवळ एवढ्यासाठी जाऊन आले असते तरी मला पैसे वसूल झाले असं वाटलं असतं.

गाण्याला तिथे इतकं महत्त्व का, याची एक गोष्ट कॉलेजातच आहे. मारोती ग्यॉर्ग्य नावाचा डेब्रेत्सेनचा एक तरुण स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये शिकायला गेला. परत येऊन विशीतच प्राध्यापक झाला. १७३९ मध्ये त्यानं विद्यार्थ्यांचं गायकवृंद सुरू केलं, कांतुश, आणि बाहेर ऐकलेली चार आवाजांतली स्तोत्रं मुलांना शिकवली. १७४३ मध्ये हंगेरियनमध्ये अंकगणिताचं पुस्तक काढलं. १७४४ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी वारला. कांतुश आजही गातं. परदेशी शिक्षणाला तिथे पेरेग्रिनात्सियो म्हणतात, म्हणजे यात्रा. हायडेलबर्ग, उट्रेख्ट, लायडेन, फ्रानेकर असं शतकानुशतकं इथली मुलं पायी, गाडीनं जात राहिली, आणि परत येताना काय आणलं यावरून त्यांची आठवण राहिली. मारोतीनं सूर आणि गणित आणलं. मी कॉलेजच्या जिन्यातून जाताना त्याचा विचार बऱ्याचदा करायचे.

आता भाषा. इथे स्पष्ट बोलते, कारण फोन करणाऱ्या तिघांनीही हा विषय टाळला होता. विद्यापीठाचं मुख्य शिक्षण हंगेरियनमध्ये चालतं. पाहुण्या विद्यार्थ्यांना काही विषय इंग्रजीत घेता येतात, डॉक्टरेटच्या पातळीवर इंग्रजीत कामही होतं. पण पूर्ण पाळकाची किंवा शिक्षकाची पदवी घ्यायची असेल तर हंगेरियन हवीच, आणि थिऑलॉजीला त्यावर हिब्रू, ग्रीक, लॅटिन. चौथीच्या मुलांपुढे तुम्ही इंग्रजीत उभे राहू शकत नाही. भाषा शिकायची इच्छा नसेल तर हे विद्यापीठ तुमचं नव्हे, असं मी तिघांनाही सांगितलं.

पण मराठी माणसानं या भाषेला घाबरण्याचं कारण नाही. इंग्रजीतून आलेले विद्यार्थी जिथे अडतात तिथे आपण चालत पुढे जातो, कारण आपल्याला विभक्ती आईच्या दुधाबरोबर मिळते. हाझ म्हणजे घर. घरात म्हणजे हाझबॉन. घरातून म्हणजे हाझबोल. घर-आत, घर-आतून, तसंच शब्दाच्या शेपटाला जोडायचं. फरक एवढा की प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वरांशी जुळवून घेतो: घरात हाझबॉन, पण बागेत केर्तबेन. कान तयार झाला की हे आपोआप येतं. नाव सांगतानाही आधी आडनाव, मग नाव. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. वर्गातल्या जर्मन मुलीला ते शेवटपर्यंत विचित्र वाटलं, मला पहिल्या दिवशी घरचं वाटलं. मोठ्या माणसांशी बोलायची आदराची रूपंही आहेत, त्यामुळे आपला तू-तुम्हीचा सराव कामी येतो. जाण्याआधी सहा महिने रोज अर्धा तास दिलात तर पहिल्या सत्राचा रंगच बदलेल. मी फक्त दोन महिने दिले होते, आणि ऑक्टोबरभर जेवणाच्या टेबलावर गप्प बसण्यात गेला.

उपासनेबद्दल, खास करून आपल्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, जाणाऱ्यांसाठी. कॉलेजच्या समोरच मोठं चर्च आहे, पिवळ्या रंगाचं, हंगेरीतलं सगळ्यात मोठं प्रोटेस्टंट चर्च. १८०२ च्या आगीत जुनं जळालं, त्यानंतर हे बांधलं. आत शिराल तर पांढऱ्या भिंती आणि मोकळेपणा. वेदी नाही, चित्रं नाहीत. तिकडच्या बऱ्याच रिफॉर्म्ड चर्चच्या शिखरावरही क्रूसाऐवजी तारा किंवा कोंबडा असतो. पहिल्या रविवारी मला ते रिकामं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या रविवारी नव्वदावं स्तोत्र झालं, त्यांच्यासाठी ते जवळजवळ राष्ट्रगीतच. जिनिव्हाची जुनी चाल, अनुवाद सेन्त्सी मोल्नार अल्बर्ट यांचा, १६०७ सालचा. सगळी मंडळी उभी, अतिशय संथ लय, एकेका अक्षराला वेळ देत. हे प्रभू, तू पिढ्यानपिढ्या आमचं निवासस्थान आहेस. ते आमच्या घरी अंत्यविधीला वाचतात. त्या पांढऱ्या भिंतींमध्ये तेवढ्या आवाजानं काहीच रिकामं उरलं नाही.

याच चर्चमध्ये १८४९ च्या १४ एप्रिलला हंगेरीच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते कोशुत यांनी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता संपल्याचं जाहीर केलं. त्यांची खुर्ची अजून तिथे ठेवलेली आहे. चर्च आणि कॉलेजच्या मधल्या बागेत एक स्तंभ आहे, गलबतांवर गुलाम म्हणून विकलेल्या पाळकांचा. १६७४ मध्ये विश्वास सोडायला नकार दिला म्हणून त्यांच्यावर खटले झाले, काहींना नेपल्सच्या गलबतांवर वल्ही मारायला विकलं, आणि जे जिवंत उरले त्यांना १६७६ च्या फेब्रुवारीत डच नौदलप्रमुख डी रॉयटर यांनी सोडवलं. तासाला जाताना मी रोज त्या स्तंभाजवळून जायचे. मंडळ्यांच्या इतिहासाचा तास त्यामुळे पुस्तकातला राहत नाही.

ग्रंथालय पाहिल्याशिवाय येऊ नका. जुन्या दालनात लाकडी कपाटं छतापर्यंत, आणि संपूर्ण संग्रह लाखांत मोजण्यासारखा. माझं काम होतं जुन्या शालेय पुस्तकांचं. मागणीपत्र भरलं की पुस्तक येतं, मऊ आधारावर ठेवून वाचायचं, पेन बंद, फक्त पेन्सिल. तिथल्या बाईंनी मला एक पान असं उलटायला शिकवलं: वरच्या कोपऱ्याला बोट, मग तळहात पानाखाली सरकवत न्यायचा. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा मुलानं समासात बेरीज केली होती आणि हातचा धरायला विसरला होता.

हंगेरीत भारतातून आलात म्हटलं की लोक एकच नाव घेतात: केरेशी चोमॉ शांदोर. तिबेटी-इंग्रजी शब्दकोश करणारे, १८३४ चा, आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला वारलेले. ते डेब्रेत्सेनचे नव्हेत, ट्रान्सिल्व्हेनियातल्या नॉद्यएन्येदच्या रिफॉर्म्ड कॉलेजचे. पण दारावरच्या मावशींपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना त्यांचं थडगं आपल्याकडे आहे याचं अप्रूप. जाण्याआधी त्यांच्याबद्दल चार गोष्टी वाचून जा, पहिली ओळख सोपी होते.

सणांच्या वेळी थिऑलॉजीची मुलं लेगातुश होऊन गावोगावच्या मंडळ्यांत जातात. नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट. पाळकांच्या घरी राहायचं, सणाचा संदेश द्यायचा, आणि मंडळी विद्यार्थ्याला देणगी देते. ही चाल फार जुनी. पेंटेकॉस्टला मी माझ्या वर्गमैत्रिणीबरोबर गेले. चाळीसेक माणसांची मंडळी, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. तिचं बोलून झाल्यावर पाळकांनी मला एक मराठी गीत म्हणायला सांगितलं. मी आमच्या उपासनेतलं एक भजन म्हटलं. बाहेर पडताना एका आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आल्दाश, बेकेशेग." आशीर्वाद आणि शांती. रिफॉर्म्ड लोकांचा हाच नमस्कार. मग त्यांनी पिशवीतून पोगाचॉ काढून दिले, खारट, खुसखुशीत, गोल. तुम्ही कुठल्याही कार्यक्रमाला जा, पोगाचॉ असणारच.

खाण्यापिण्याचं फार लिहीत नाही. दुपारच्या जेवणात सूप आणि एक मुख्य पदार्थ असतो, मांस बहुतेकदा असतंच. शाकाहारी असाल तर स्वयंपाकाची सोय आधी बघा. लाल पपरिकाची पूड सगळीकडे, पण आपल्या अर्थानं तिखट नव्हे. माझा खाण्याचा खर्च महिन्याला सत्तर-ऐंशी हजार फोरिंट होता. साधारण चार फोरिंट म्हणजे एक रुपया असा हिशेब मी डोक्यात धरला होता.

राहण्याबद्दल मात्र कान देऊन वाचा. तिकडे कोलेगियुम म्हणजे वसतिगृह, आपल्या अर्थाचं कॉलेज नव्हे. अर्जात हा शब्द आला की तिथे खूण करा. मी तसं केलं नाही आणि घर शोधून देणाऱ्या एका माणसाकडून भारतातूनच खोली ठरवली. कौत्सियो म्हणजे अनामत, दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, आगाऊ पाठवली. तिथे पोचले तर फोटोतली खोली दुसरीच निघाली. माझ्या खोलीचा हीटर अर्धाच तापायचा आणि तक्रार केली की उत्तर यायचं नाही. ती खोली सोडताना अनामतीतले अर्धेच पैसे परत आले, का ते कागदावर कधी मिळालं नाही. दुसऱ्या सत्रात मी वसतिगृहात आले आणि त्या दिवसापासून अभ्यास खऱ्या अर्थानं सुरू झाला. दुसऱ्या देशात बसून कुणालाही अनामत पाठवू नका. पहिले काही दिवस पाहुण्यांच्या खोलीत काढा, डोळ्यांनी बघा, मग ठरवा.

बाकीचं थोडक्यात. विषयांची आणि परीक्षांची नोंदणी नेप्तुन नावाच्या प्रणालीवर होते, तिला इंग्रजी रूप आहे. परीक्षेच्या तारखा खुल्या झाल्या की त्याच दिवशी आपली जागा धरा, चांगल्या तारखा भराभर जातात. विद्यार्थी ओळखपत्रावर रेल्वेचं तिकीट अर्ध्यात मिळतं, त्यामुळे बुडापेस्ट परवडतं, आणि होर्तोबाद्यचा माळही. तो माळ एकदा हिवाळ्यात बघा, क्षितिजापर्यंत काहीच नाही. स्टेशनवरून एक नंबरची ट्राम थेट कॉलेजजवळच्या काल्विन चौकात आणते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी स्टिपेन्दियुम हुंगारिकुम नावाची हंगेरी सरकारची शिष्यवृत्ती आहे. पदवी आणि पदव्युत्तरला दरमहा ४३,७०० फोरिंट आणि राहण्याला मदत मिळते. पण हे पैसे पुरेसे समजू नका, घरून थोडं लागतंच. तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम त्या वर्षी यादीत आहे का, ते अर्जाआधी बघा.

तर कुणी जावं? ज्याला लहान मुलांना शिकवायचं आहे आणि ते काम सेवा म्हणून करायचं आहे, त्यानं. ज्या सेमिनरीच्या विद्यार्थ्याला धर्मसुधारणेचा इतिहास पुस्तकाबाहेर बघायचा आहे, त्यानं. जिला डॉक्टरेटसाठी जुनी कागदपत्रं हवी आहेत, तिनं तर नक्कीच. ज्याला इंग्रजीत झटपट पदवी, मोठा परिसर, शेकडो भारतीय मित्र आणि पुढे नोकरीची वाट हवी आहे, त्यानं त्याच शहरातलं मोठं विद्यापीठ बघावं. तिथे ते मिळतं.

फोन करणाऱ्या शिक्षिकेनं शेवटी विचारलं होतं, एकटं वाटतं का? नोव्हेंबरात वाटतं. चार वाजता अंधार पडतो आणि धुकं येतं. त्या महिन्यासाठी कांतुशच्या सरावाला जाऊन बसायची परवानगी मागा. मी दर आठवड्याला मागच्या खुर्चीवर बसायचे, आणि डिसेंबरात एका मुलीनं न विचारता स्वरलिपीचं दुसरं पान माझ्या मांडीवर आणून ठेवलं.